म्युझियम सोडून हेराल्डच्या कार्यालयात जाऊ का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 42 वर्षांच्या आहेत. मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर लंडनमध्ये स्थायिक झालेल्या. डेकोरेटिव्ह आर्ट्सचा इतिहास हा त्यांचा विषय. त्यातही अठराव्या शतकातली इंग्लिश चांदीची भांडी आणि युरोपसाठी चीनमध्ये बनलेली पोर्सेलिन. एका संग्रहालयात त्या सहाय्यक क्युरेटर आहेत. नोकरी कायमची आहे, पण कित्येक वर्षांत बढती नाही आणि आता कामाचा बराचसा भाग तक्ते भरण्यात जातो. कुलचिन्हांवरच्या (घराण्यांच्या ढालींवरच्या खुणांवरच्या) त्यांच्या लेखांमुळे लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या कुलचिन्हं देणाऱ्या आणि नोंदवणाऱ्या दरबारी संस्थेतल्या एका हेराल्डने, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याने, त्यांना आपल्याकडे संशोधन सहाय्यक म्हणून येण्याबद्दल विचारलं आहे. पुढे स्वतः हेराल्ड होण्याची शक्यता आहे, खात्री नाही. पगार आत्तापेक्षा कमी. घरावर कर्ज आहे, मुलगी नऊ वर्षांची आहे. पती म्हणतात, तुला वाटेल ते कर. पुण्याहून वडील म्हणतात, एवढं शिकून लॉर्ड लोकांची भाटगिरी करणार का? त्या विचारतात: पंधरा वर्षांचा अभ्यास वाया घालवून या वयात नवीन क्षेत्रात शिरावं का? आणि ज्या राज्याने आपल्यावर राज्य केलं, त्याच्या दरबारी संस्थेत एका मराठी बाईने काम करणं बरोबर आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘अभ्यास वाया जाईल’ हे पुन्हा पुन्हा येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पैशाचं आणि बाबांचं पुढे बोलूच, पण ही एक समजूत आधी तपासून घ्यायला हवी. बाकीचे प्रश्न तिच्यामुळेच आहेत त्यापेक्षा जड झाले आहेत, असं मला वाटतं.

तुमच्या नेहमीच्या कामातलंच एक भांडं समोर ठेवा. 1740 च्या आसपासचं चांदीचं तबक, मधोमध कोरलेली ढाल. ढाल उभी दुभागलेली: पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला नवऱ्याचं चिन्ह, उजव्या हाताला बायकोच्या माहेरचं. एका अर्ध्यात बारीक उभ्या रेघा, म्हणजे जमीन लाल. दुसऱ्यात आडव्या, म्हणजे निळी. ठिपके असले तर सोनेरी, काहीच नसलं तर रुपेरी. चांदीवर रंग भरता येत नाही, तो रेघांतून वाचायचा. सिल्व्हेस्टर पेत्रा-सांक्ता या जेझुइट विद्वानाचा ग्रंथ 1638 मध्ये आला आणि ही पद्धत युरोपभर रुजली. मागच्या बाजूचं हॉलमार्कमधलं अक्षर सांगतं, भांडं कोणत्या वर्षी तपासलं गेलं. ढाल सांगते, ते कोणत्या जोडप्याच्या घरात होतं. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर तुम्ही त्या जागी तोंडाची वाफ सोडता आणि खोडून टाकलेल्या जुन्या ढालीची कड क्षणभर उमटते का ते पाहता. अंगठा फिरवला की तिथला पत्रा पातळ लागतो. कुणीतरी आधीच्या मालकाची खूण घासून काढून आपली कोरून घेतलेली असते.

आता सांगा, हे वाचन करताना तुम्ही डेकोरेटिव्ह आर्ट्सच्या अभ्यासक असता की कुलचिन्हांच्या?

पोर्सेलिनचंही तसंच. अठराव्या शतकात ब्रिटिश घराण्यांनी आपापली चिन्हं रंगवलेले हजारो डिनर सेट चीनमधून मागवले. नमुना म्हणून पुष्कळदा पुस्तकात चिकटवायची चिन्हाची छापील पट्टी पाठवली जायची आणि तिथला चित्रकार ती रेघ न् रेघ उतरवायचा. छापील काळ्या रेघांचा अर्थ त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. कधी नमुन्यावर सूचना म्हणून लिहिलेलं रंगाचं नावसुद्धा ताटावर जसंच्या तसं रंगवलं गेलं. अशा ताटाचं मूळ घर शोधताना तुम्हाला वंशावळ लागते, लग्नाची तारीख लागते, ढालीचं अधिकृत वर्णन लागतं. म्हणजे हेराल्डच्या दप्तरातली कागदपत्रं तुम्ही आत्ताही वापरता आहात. फरक एवढाच, की अर्ज भरून वाचनालयात बसता.

तुमच्यासारखा प्रवास केलेला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. जेम्स रॉबिन्सन प्लॅन्शे. जन्म 1796 चा, मूळ धंदा नाटकं लिहिण्याचा. 1823 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरात शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’चा प्रयोग बसत होता. प्लॅन्शेने हट्ट धरला की पात्रांचे कपडे आणि चिलखतं खरोखर त्या काळातली दिसली पाहिजेत. त्यासाठी त्याने थडग्यांवरचे पुतळे, जुन्या मोहरा आणि हस्तलिखितांतली चित्रं अभ्यासली. डोक्यावर ती सपाट माथ्याची शिरस्त्राणं पाहून लोक हसतील अशी नटांना धास्ती होती. पडदा वर गेला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे 1834 मध्ये त्याने ब्रिटिश वेशभूषेचा इतिहास लिहिला, शस्त्रं-चिलखतांच्या संग्रहांची कालानुक्रमे मांडणी केली, आणि पोशाखांचा माग काढता काढता ढालींपाशी पोचला. कुलचिन्हांबद्दलच्या दंतकथा बाजूला सारून पुराव्यावर उभं राहणारं पुस्तक लिहिलं. 1854 मध्ये तो कॉलेज ऑफ आर्म्समध्ये रूज क्रॉय पर्सुइव्हंट (हेराल्डच्या खालचं पद) झाला. तेव्हा तो अठ्ठावन्नाच्या घरात होता. 1866 मध्ये सॉमरसेट हेराल्ड झाला आणि 1880 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होता. पोशाखाचा अभ्यास त्याने सोडला का? नाही. वेशभूषेवरचा त्याचा दोन खंडांचा मोठा कोश त्यानंतरच, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना आला.

हेच उदाहरण मी आणखी एका कारणासाठी घेतलं. 1871 मध्ये सरकारने त्याला वर्षाला 100 पौंडांचं निवृत्तिवेतन मंजूर केलं. विधवा झालेली मुलगी आणि नातवंडं त्याच्यावर अवलंबून होती. हेराल्डच्या पदावर असूनही त्याला त्या पैशांची गरज होती, हे लक्षात ठेवा. पैशाकडे आपण येणार आहोत.

अलीकडची नावंही आहेत. क्लाइव्ह चीझमन ब्रिटिश म्युझियममध्ये क्युरेटर होते. 1998 मध्ये ते रूज ड्रॅगन पर्सुइव्हंट झाले, 2010 मध्ये रिचमंड हेराल्ड. कॅनडाचे पहिले मुख्य हेराल्ड रॉबर्ट वॉट आधी व्हँकुव्हरमध्ये शहराचा दप्तरखाना आणि संग्रहालय सांभाळत होते. स्कॉटलंडचे एकेकाळचे रॉस हेराल्ड चार्ल्स बर्नेट यांची बरीच हयात संग्रहालयांत गेली. आणि मागे जायचं तर एलायस ॲशमोल: 1660 पासून 1675 पर्यंत विंडसर हेराल्ड, आणि ज्यांच्या संग्रहातून ऑक्सफर्डचं ॲशमोलियन म्युझियम उभं राहिलं ते हेच. संग्रहालयातून हेराल्डकडे आणि हेराल्डकडून संग्रहालयाकडे ही वाट चांगली मळलेली आहे. ‘नवीन क्षेत्र’ हा शब्द तुम्ही मनातून काढलात तरी चालेल.

मग खरा बदल कशात आहे? माझ्या मते तो इथे आहे: आज तुमच्यासमोर जी माणसं असतात ती गेलेली असतात. तबकावरच्या त्या जोडप्याबद्दल तुम्ही काहीही लिहिलंत तरी ते फोन करत नाहीत. उद्या समोर जिवंत माणूस बसेल. तो सांगेल, माझ्या ढालीवर वाघ हवा, तलवार हवी, मुलीचं आवडतं फूल हवं, कंपनीचा लोगोही हवा. त्यातलं तीन-चतुर्थांश तुम्हाला गोडीने काढून टाकावं लागेल, कारण चांगली ढाल लांबून ओळखू यायला हवी आणि आधी दिलेल्या प्रत्येक ढालीपेक्षा वेगळी हवी. कुणी येऊन म्हणेल, अमक्या सरदाराशी आमचं नातं आहे; दप्तर सांगेल, नाही. तेही त्याच्या तोंडावर सांगावं लागेल. आणि या सगळ्याचे पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे असतात.

क्युरेटरचं मत उद्या दुसरा क्युरेटर खोडून काढू शकतो, त्यात कमीपणा नाही. हेराल्डच्या कामातून निघणारा कागद मात्र कायद्याने टिकणारा असतो. अर्ल मार्शलकडे (कॉलेजवर देखरेख करणारे दरबारी मानकरी) अर्ज जातो, त्यांची संमती येते, नक्षी ठरते, जुन्या नोंदींशी ताडून पाहिली जाते, मग चर्मपत्रावर चित्रकार ती रंगवतो, लेखनिक मजकूर लिहितो आणि किंग्ज ऑफ आर्म्स, म्हणजे तिथले सर्वांत वरिष्ठ अधिकारी, सह्या-शिक्के करतात. एका चुकीच्या शब्दाने पुढच्या पिढ्यांची ढाल चुकते. हे ओझं तुम्हाला आवडेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. वाया जाण्याच्या प्रश्नापेक्षा तो कितीतरी खरा आहे. काहींना वस्तूंच्या सहवासात शांतता मिळते आणि माणसांनी जीव थकतो. तसं असेल तर त्यात वाईट काही नाही, पण मग हे काम तुमचं नाही. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की शाळेतल्या मुलांना भांडी दाखवताना ‘तुमच्या घराची ढाल काढा’ हा खेळ तुम्ही घेता आणि त्या दिवशी घरी आनंदात जाता. ही ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. मला ती महत्त्वाची वाटली.

आता पैसा. हे मी मोकळेपणाने लिहिते, कारण ‘राजाच्या नोकरीत’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना पगार, बंगला आणि पेन्शन दिसतं. कॉलेज ऑफ आर्म्स करदात्यांच्या पैशांवर चालत नाही. तिथे 13 अधिकारी असतात: तीन किंग्ज ऑफ आर्म्स, सहा हेराल्ड, चार पर्सुइव्हंट. राजाकडून त्यांना मिळणारा पगार असा: पर्सुइव्हंटला 13 पौंड 95 पेन्स, हेराल्डला 17 पौंड 80 पेन्स, आणि सर्वांत वरच्या गार्टर किंग ऑफ आर्म्सला 49 पौंड 7 पेन्स. महिन्याचा नव्हे, वर्षाचा. हे आकडे एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि त्यानंतर कुणी वाढवलेले नाहीत. खरी कमाई अशिलांच्या फीमधून होते: नवीन चिन्ह मिळवून देणं, वंशावळ सिद्ध करणं, शोधकाम. कुणाचंही नाव न घेता चौकशी आली, की त्या वेळी पाळीवर असलेल्या अधिकाऱ्याकडे ती जाते आणि तो अशील पुढे त्याचाच राहतो. वकिलाच्या व्यवसायासारखंच हे आहे. नाव होईपर्यंतची वर्षं कोरडी जातात.

आणि तुम्हाला तर अजून अधिकारी म्हणून बोलावलेलंही नाही. सहाय्यक म्हणून बोलावलं आहे. तेरा जागांपैकी एखादी रिकामी झाली, तरच पुढची गोष्ट. नेमणूक अर्ल मार्शलच्या शिफारशीवरून राजा करतो. बरेच अधिकारी आधी सहाय्यक होते हे खरं, पण प्रत्येक सहाय्यक अधिकारी होत नाही हेही तितकंच खरं. म्हणून निर्णय घेताना तो मखमली-रेशमी टॅबर्ड, हेराल्डचा समारंभी अंगरखा, डोळ्यांसमोर आणू नका. (किंग्जचा मखमली, हेराल्डचा सॅटिनचा, पर्सुइव्हंटचा दमास्क रेशमाचा, तुम्हाला त्याच्या भरतकामात किती रस असेल ते मी समजू शकते.) विचार असा करा: समजा मी दहा वर्षं सहाय्यकच राहिले, तर तेवढ्या पगारात, तेवढ्या मानात हे काम करायला मला आवडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे चला. ‘हेराल्ड झाले तरच’ असं असेल, तर थांबा.

तुमचे पती ‘तुला वाटेल ते कर’ म्हणतात, हे प्रेमाचं बोलणं आहे, पण त्याने तुमचा भार हलका होत नाही. सगळा निर्णय, आणि उद्या काही बिघडलं तर सगळा दोष, तुमच्याच पदरात पडतो. त्यांना शेजारी बसवा आणि कागदावर मांडा: कर्जाचा हप्ता, मुलीचा खर्च, पुण्याच्या फेऱ्या, आणि तुमचा पगार कमी झाल्यावर रोजच्या खर्चात नेमकं काय कमी होईल. ‘वाटेल ते’ऐवजी त्यांच्या तोंडून ‘अमुक वर्षं आपण इतक्यात भागवू’ हे वाक्य यायला हवं. संग्रहालयाच्या पेन्शनचं काय होईल, ते तिथल्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. बायका हा प्रश्न फार उशिरा विचारतात, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

बाबांकडे येऊ. ‘भाटगिरी’ हा शब्द तुम्हाला लागला आहे, ते पत्रातून कळतं. त्यांच्या मनात काय असेल याचा मी अंदाज करते: मुलीने ज्ञानाचं काम करावं, कुणाची हांजी हांजी करू नये. ही काळजी अगदीच निराधार नाही. सोळाव्या शतकात नव्याने पैसा आलेल्या घरांना मोठमोठे पूर्वज जोडून देणारे हेराल्ड इंग्लंडमध्ये होऊन गेले आहेत. पण त्याच काळात दुसरंही चाललं होतं. 1530 पासून 1688 पर्यंत हेराल्ड परगण्यापरगण्यांत फिरून लोकांच्या ढाली आणि वंशावळी तपासत. पुरावा नसेल तर ढाल खरवडून काढण्याचा आणि त्या माणसाचा दावा जाहीरपणे नाकारण्याचा अधिकार त्यांना होता. त्या फेऱ्यांच्या वह्या आजही इतिहासकारांच्या कामाला येतात. बाबांना त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या माहीत असतील. घराण्यातलं कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, पणजोबांच्या हातची सही, सगळं तिथे सापडतं. त्या वह्या सांभाळणाऱ्याला आपण कुणाचा खुशामतखोर म्हणत नाही. बाबांशी वाद घालण्यापेक्षा तुमच्या कामातली एखादी नोंद फोनवर वाचून दाखवा: अमुक तबक, अमुक ढाल, आणि तिच्यावरून सापडलेलं एखाद्या विधवेचं नाव. विधवा किंवा अविवाहित स्त्रीचं चिन्ह ढालीवर न काढता शंकरपाळ्याच्या आकारात काढतात, एवढं सांगितलंत तरी ते पुढचा प्रश्न विचारतील. पुण्यातल्या शिकलेल्या वडिलांना पुराव्याची गोष्ट आवडते.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मी असा चटकन सोडवू शकत नाही, आणि सोडवू नये असंच मला वाटतं. कुलचिन्हांचा साम्राज्याने वापर केला, हे खरं आहे. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून घोषित केलं, तेव्हा व्हाइसरॉय लिटनने हिंदी संस्थानिकांना एकेक ध्वज दिला. सॅटिनचे, जड, युरोपियन धाटणीच्या ढाली असलेले. त्या ढाली बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलरने रचल्या. ज्या घराण्यांकडे आपापली निशाणं, मोर्तबं, जरीपटके पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांना परक्या व्याकरणात बसवून ‘ही तुमची ओळख’ म्हणून परत दिलं गेलं. आणि ते ध्वज तयार करण्यात हात कुणाचा होता? जॉन लॉकवुड किपलिंग यांचा: तरुणपणी स्टॅफर्डशरच्या पॉटरीत काम केलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दहा वर्षं शिकवून लाहोरला गेलेले. तुमच्याच विषयातला माणूस, हिंदी कारागिरीवर मनापासून प्रेम करणारा. चांगली नजर कुणाच्या कामी लावायची, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. तुम्हाला तो पडतो, ही माझ्या दृष्टीने तुमची पात्रता आहे.

पण त्याच विद्येची दुसरी बाजू मुंबईतच पाहा. जमशेटजी जीजीभॉय 1857 मध्ये बॅरोनेट झाले, हा मान मिळवणारे पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या चिन्हात ना सिंह, ना तलवार. घाटामागून उगवणारा सूर्य आहे, त्याच्या वर दोन मधमाश्या, आणि ढालीच्या माथ्यावर चोचीत धान्याचं कणीस धरलेला मोर. ब्रीदवाक्याचा अर्थ उद्योग आणि औदार्य. बाटल्यांच्या व्यापारापासून वर आलेल्या माणसाने इंग्रजांच्या नियमांत राहून आपला सह्याद्री त्यात बसवला. तो पूर्ण स्वतंत्र होता असं मी म्हणणार नाही. पण ती ढाल पाहिली की ती कुणाची आहे हे कळतं.

आणि हे राजे-सरदारांपुरतं उरलेलंही नाही. आज चिन्ह मागायला नगरपालिका येतात, विद्यापीठं येतात, व्यावसायिक संघटना येतात, स्थलांतरितांची दुसरी-तिसरी पिढी येते. कॅनडाच्या नुनावुट प्रदेशाचं 1999 चं चिन्ह तुम्ही पाहिलं असेलच. एरवीच्या ढालीऐवजी गोल आकार, त्यात दगड रचून केलेली वाटदर्शक खूण आणि इनुइट घरांत जळणारा दगडी दिवा. घरातली एक वापरातली वस्तू एका प्रदेशाचं चिन्ह झाली. हे सुचायला वस्तूंचा इतिहास कळणारा माणूस लागतो. उद्या लेस्टर किंवा हॅरोमधून कुणी येऊन म्हणेल, आमच्या आजीची समई ढालीवर घ्यायची आहे. तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला समईला किती वाती लागतात हे जाणणारी बाई असली, तर ती ढाल अधिक खरी होईल. तिथे जाणं बरोबर की चूक, हे तुम्हीच ठरवाल. मी एवढंच म्हणेन की बाहेर राहिल्याने त्या दप्तरातली आपली पानं आपोआप दुरुस्त होणार नाहीत.

मग करायचं काय? राजीनामा लगेच देऊ नका. तुमच्या पत्रात ‘हे किंवा ते’ असंच आहे, आणि मला ते घाईचं वाटतं. संग्रहालयाकडे एक वर्षाची बिनपगारी रजा किंवा आठवड्यातले दिवस कमी करून मागा. त्यांनी नाही म्हटलं तरी तुमचं काही जात नाही. हेराल्डमहोदयांना विचारा, की आधी आठवड्यातून दोन दिवस, एका ठरावीक कामावर येऊ का. त्यातही निव्वळ शोधकामच मागू नका, अशिलाशी भेट होते तेव्हा शेजारी बसू द्या असं सांगा. वर म्हटलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल. सोबत सगळं लेखी घ्या: पगार त्यांच्या खिशातून की संस्थेकडून, ते निवृत्त झाले तर तुमचं काय, तुम्ही केलेल्या शोधावर लेख लिहायची मुभा आहे का, आणि तुम्ही आणलेला अशील कुणाचा. शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटेल. तरी विचाराच. नागरिकत्वाची काही अट पुढे आड येते का, तेही याच वेळी स्पष्ट करून घ्या.

हेच दार सगळ्यांना उघडेल असं नाही, म्हणून तुमच्यासारख्या इतरांसाठी थोडं लिहिते. या विद्येची नोकरी लंडनलाच असते असं नाही. कॅनडाची हेराल्डिक ऑथॉरिटी 1988 पासून गव्हर्नर जनरलच्या कार्यालयात आहे. तिथले हेराल्ड पगारी सरकारी कर्मचारी आहेत, पण फ्रेंचही यावी लागते. एडिंबरात लॉर्ड लायनचं, म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य हेराल्डचं, कोर्ट आहे, खरोखरचं न्यायालय, आणि ढालींची तिथली सार्वजनिक नोंदवही 1672 पासूनची. आयर्लंडमध्ये हे काम राष्ट्रीय ग्रंथालयात चालतं, दक्षिण आफ्रिकेत सरकारी ब्यूरो आहे. जागा सगळीकडे मोजक्याच. भारतात राहून हे शिकणाऱ्याला असं कार्यालय नाही. त्याच्यासाठी संस्थानी चांदी, जुन्या मोहरा आणि मुंबईच्या दगडी इमारतींवर कोरलेली चिन्हं यांचं दस्तावेजीकरण हे मोठं, अजून बरंचसं न झालेलं काम आहे. मोडी येत असेल तर फारच उत्तम. अभ्यासाला सुरुवात करायची तर इंग्लंडच्या हेराल्ड्री सोसायटीच्या परीक्षा आहेत, कँटरबरीला वंशावळ-कुलचिन्ह अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे. आणि लिलावगृहांना, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना ढाली ओळखून देणारी माणसं सतत लागतात. ते काम नोकरी सांभाळून घरबसल्या करता येतं, आणि आपल्याला हे पेलतं का हेही त्यातून कळतं.

बेचाळीस हे वय या कामात लहान आहे, याबद्दल निश्चिंत राहा. इथे नजर उशिरा पिकते आणि पिकली की टिकते. मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं खर्च वाढतच जाणार. कोरडी वर्षं सोसायची असतील तर ती आत्ता सोसणं नंतरपेक्षा सोपं पडेल, एवढा एक मुद्दा ‘जा’च्या बाजूने मी नक्की धरीन.

हेराल्डमहोदयांनी उत्तराला महिनाअखेरपर्यंत वेळ दिला आहे असं तुम्ही लिहिलं आहे. दोन दिवसांच्या कामाची विचारणा आणि ते चार प्रश्न याच आठवड्यात पाठवा. पतींसोबतचा हिशेब त्याआधी करा. बाबांना मात्र सगळं ठरल्यावर सांगू नका. येत्या रविवारच्या फोनवरच ते तबक आणि ती विधवा यांची गोष्ट सांगा, आणि ते काय विचारतात ते ऐका.